माईक बंद झाल्यावर जो उरतो, तो नेता

थळच्या बौद्ध तरुणांची एक बैठक नुकतीच झाली. विषय होता 'नेतृत्व कसे घडवावे'. बैठकीत एका तरुणाने आपली वही उघडून दाखवली. शहरातल्या एका व्यक्तिमत्त्व विकास शिबिराला तो पैसे भरून जाऊन आला होता. वहीत व्यवस्थित मुद्दे लिहिलेले होते. समोरच्याच्या डोळ्यांत डोळे घालून बोलावे. हस्तांदोलन घट्ट करावे. कपडे इस्त्रीचे असावेत. चेहऱ्यावर हसू असावे. भाषणाची सुरुवात एखाद्या किश्श्याने करावी. मुद्दे वाचून झाल्यावर तो म्हणाला, "सर, एवढं सगळं मी करतो. तरी वाडीत माझं कोणी ऐकत नाही. माझ्यात काय कमी आहे?"

पोरगा प्रामाणिक होता, म्हणून त्याचा प्रश्न जिव्हारी लागला. त्या दिवशी मी त्याला थातूरमातूर उत्तर दिले. आज या स्तंभातून नीट उत्तर द्यायचा प्रयत्न करतो आहे. कारण हा प्रश्न त्या एकट्याचा नाही. नाक्यानाक्यावर फ्लेक्स लागले आहेत, प्रत्येक फ्लेक्सवर दहा-दहा चेहरे आहेत आणि प्रत्येक चेहऱ्याखाली 'युवा नेते' असे लिहिलेले आहे. एवढे नेते असताना समाजाचे साधे प्रश्न वर्षानुवर्षे का लोंबकळतात, याचा विचार आता आपणच केला पाहिजे.

थळच्या किनाऱ्यावर उभे राहिले की समोर खांदेरी दिसते. 1679 मध्ये शिवाजी महाराजांनी या बेटावर किल्ला बांधायला माणसे पाठवली. त्या कामाचा प्रमुख होता मायनाक भंडारी. इंग्रजांची जहाजे भोवती येऊन उभी राहिली, तरी काम थांबले नाही. समोरच्या किनाऱ्यावरून रात्रीच्या अंधारात होड्या निघत, रसद पोहोचवत आणि परत येत. अखेर खांदेरी महाराजांकडेच राहिली. मायनाक भंडारी दिसायला कसा होता, भाषण कसे करत असे, याची नोंद इतिहासाने ठेवली नाही. समुद्रात वेढा पडलेला असताना त्याच्या माणसांनी दगडावर दगड रचणे सोडले नाही, एवढेच इतिहासाने नोंदवले. नेतृत्वाची मोजपट्टी तिथेच आहे.

याच समुद्राने आपल्या चळवळीचाही एक मोठा प्रवास पाहिला आहे. 24 डिसेंबर 1927 रोजी बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या सहकाऱ्यांसह मुंबईहून बोटीने निघाले. खांदेरीवरून दक्षिणेला जाणाऱ्या याच किनाऱ्याने ते दासगाव बंदरात पोहोचले आणि तिथून पायी महाडला गेले. महाडचे दुसरे पर्व सुरू होत होते. चवदार तळ्याचा इतिहास आपण दरवर्षी ऐकतो. 20 मार्चला आणि 25 डिसेंबरला गाड्या भरभरून क्रांतीभूमीला जातो. पण आज मी तुम्हाला तोच इतिहास एका वेगळ्या प्रश्नासाठी वाचायला सांगतो आहे. त्या लढ्यातल्या माणसांमध्ये असे कोणते गुण होते, की ज्यांच्यामुळे लोक त्यांच्यामागे उभे राहिले आणि शेवटपर्यंत उभेच राहिले?

पहिला गुण तयारीचा. महाडची परिषद आकाशातून पडली नाही. सीताराम केशव बोले यांचा ठराव 4 ऑगस्ट 1923 रोजी मुंबईच्या कायदे कौन्सिलने मंजूर केला आणि सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या झाल्या, पण कागदावर. 1924 मध्ये सुरबानाना टिपणीसांच्या पुढाकाराने महाड नगरपालिकेने तळे खुले केल्याचा ठराव केला. तोही कागदावर. या कागदात प्राण फुंकण्याचे काम केले ते रामचंद्र बाबाजी मोरे या तरुणाने. 1903 चा जन्म, म्हणजे परिषदेच्या वेळी वय जेमतेम चोवीस. लहानपणी महाडच्या शाळेने प्रवेश नाकारला, तेव्हा या मुलाने पत्र लिहिले, ते छापून आले आणि शाळेला दार उघडावे लागले. हा मुलगा मोठा होऊन बाबासाहेबांना महाडला आणण्यासाठी 1924 पासून खटपट करत होता. तीन वर्षे! गावोगाव फिरणे, वर्गणी गोळा करणे, माणसे जोडणे, हे त्याचे काम. पुढे त्यांची वाट कम्युनिस्ट पक्षाकडे गेली, म्हणून आपल्यातले काहीजण त्यांचे नाव घ्यायला कचरतात. पण कृतज्ञता पक्ष बघून व्यक्त करायची नसते. 20 मार्चला तळ्याच्या दिशेने जो अथांग समुदाय चालत निघाला, त्याच्या पावलांखाली मोऱ्यांची तीन वर्षांची पायपीट होती.

दुसरा गुण संयमाचा. आणि संयम म्हणजे भित्रेपणा नव्हे. 20 मार्च 1927 रोजी पाणी प्राशन केल्यानंतर 'हे लोक आता वीरेश्वराच्या मंदिरात घुसणार' अशी खोटी अफवा पसरवली गेली. परतणाऱ्या, जेवायला बसलेल्या निःशस्त्र लोकांवर सनातन्यांनी लाठ्या चालवल्या. बाबासाहेब डाकबंगल्यावर होते. भोवती शेकडो लोक चिडून उभे होते. त्यांत पहिल्या महायुद्धात लढून आलेले सैनिक होते. एक शब्द पुरेसा होता. महाडमध्ये रक्ताचे पाट वाहिले असते, आणि दुसऱ्या दिवसापासून गावोगावच्या एकट्यादुकट्या महारवाड्यांवर त्याचा सूड उगवला गेला असता. बाबासाहेबांनी तो शब्द उच्चारला नाही. त्यांनी आपल्या लोकांना थांबवले.

तिसरा गुण याहून कठीण. आपल्याच लोकांना 'नाही' म्हणण्याचा. डिसेंबरची परिषद सत्याग्रहासाठीच बोलावलेली होती. परिषदेला जागा द्यायला कोणी सवर्ण तयार नव्हता; फत्तेखान नावाच्या मुस्लिम गृहस्थाने जागा दिली. 25 डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. जवळपास चार हजार लोकांनी सत्याग्रहासाठी नावे नोंदवली, तुरुंगात जायच्या तयारीने. पण त्याआधीच, 14 डिसेंबरला विरोधकांनी दिवाणी न्यायालयातून तात्पुरता मनाई हुकूम मिळवला होता. तळे खासगी असल्याचा त्यांचा दावा होता. आता काय करायचे? मंडपात रक्त उसळत होते. टाळ्या हव्या असत्या तर 'चला तळ्यावर' म्हणणे सर्वांत सोपे होते. बाबासाहेबांनी 27 डिसेंबरला सत्याग्रह तहकूब करण्याचा ठराव मांडला. लढाई स्पृश्यांशी होती; ती सरकारशी आणि न्यायालयाशी जुंपून घेण्यात आपल्या लोकांचे नुकसान होते. लोक नाराज झाले, पण त्यांनी ऐकले. शिस्तीत मिरवणूक निघाली, तळ्याभोवतीच्या रस्त्याने फिरली आणि पाण्याला स्पर्श न करता परतली.

आणि मग सुरू झाला चौथ्या गुणाचा कस, चिकाटीचा. तो खटला एक-दोन नव्हे, तर जवळपास दहा वर्षे चालला. खालच्या न्यायालयात जिंकले, अपिलात जिंकले आणि शेवटी 17 मार्च 1937 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने विरोधकांचे अपील फेटाळले. अस्पृश्यांना तळ्यापासून दूर ठेवण्याची अनादी काळापासूनची वहिवाट आहे, असे त्यांचे म्हणणे होते. ती वहिवाट त्यांना सिद्ध करता आली नाही. या दहा वर्षांत गोलमेज परिषदा झाल्या, पुणे करार झाला, येवल्याची घोषणा झाली, स्वतंत्र मजूर पक्ष निघाला. एवढ्या वादळात एखाद्याने एका गावच्या तळ्याचा खटला सोडून दिला असता, तर कोणी दोष दिला नसता. बाबासाहेबांनी सोडला नाही. मंडपातला माईक बंद झाल्यावर, वर्तमानपत्रांतले मथळे विसरले गेल्यावरही जो तारखेला हजर राहतो, तो नेता.

हे मी पुस्तकात वाचले होते. पण पटले ते आमच्याच तालुक्यात, एका बाईकडून. बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. एका बौद्धवाडीच्या भातखाचरांकडे जाणारी पायवाट होती. आजे-पणजे त्याच वाटेने राब घेऊन, लावणीला, कापणीला जात. मधली जमीन शहरातल्या एका माणसाने फार्महाऊससाठी घेतली आणि एके दिवशी खांब रोवून तारेचे कुंपण घातले. वाट बंद. पावसाळा तोंडावर आलेला. वाडी पेटून उठली. जिल्ह्याच्या ठिकाणाहून एक नेते आले. त्यांचे भाषण जबरदस्त झाले. 'कुंपण उखडून फेकू' म्हणाले. मोर्चा निघाला, निवेदन दिले, फोटो छापून आला. निवेदनाचा मसुदा माझाच होता. मोठमोठे शब्द घातले होते मी त्यात: मनुवादी प्रवृत्ती, घटनेची पायमल्ली, उग्र आंदोलन. फक्त कुंपण कोणत्या दिवशी घातले, हे लिहायचे विसरलो होतो.

नेते गेले ते परत आले नाहीत. मीही दुसऱ्या कामांत गुंतलो. लावणी लांबचा वळसा घालून, दुसऱ्याच्या बांधावरून, त्याच्या शिव्या खात झाली. भात तयार व्हायला आले तेव्हा वाडीतल्या साठीच्या एक बाई माझ्या ऑफिसात आल्या. हातात प्लॅस्टिकची पिशवी. त्यात जुने सातबारा उतारे आणि शेतसाऱ्याच्या पावत्या. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "बाबा, या कामाला अर्ज द्यायची मुदत किती असते रे?"

मी चपापलो. मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 प्रमाणे शेतावर जाण्याचा वहिवाटीचा रस्ता कोणी अडवला तर तहसीलदारांकडे दाद मागता येते, पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. ती मुदत टळली की दिवाणी न्यायालय, म्हणजे वर्षांचा हिशेब. बाईंना दिवस पक्का आठवत होता. बुद्ध पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी खांब रोवले गेले, कारण आदल्या रात्री विहारात खीर केली होती आणि सकाळी पातेली घासताना त्यांनी पहारीचा आवाज ऐकला होता. हिशेब केला. सहा महिने भरायला अकरा दिवस उरले होते.

अर्ज दाखल झाला. त्यानंतर प्रत्येक तारखेला त्या आल्या. एकट्या नव्हे, दर वेळी वाडीतल्या एका नव्या बाईला किंवा पोराला सोबत घेऊन. "तूही बघ, साहेबापुढं काय असतं ते," म्हणायच्या. स्थळपाहणीला अधिकारी आले तेव्हा वाडीतली चार तरणी पोरे हातात काठ्या घेऊन निघाली होती. बाईंनी त्यांना विहारात बसवून ठेवले आणि त्या स्वतः पंचांना वाट दाखवायला पुढे झाल्या. पायवाटेवरचा घासलेला दगड, जुना आंबा, ओहोळावरची फळी, सगळे दाखवले. आदेश आमच्या बाजूने झाला. पुढच्या लावणीला वाडी त्याच वाटेने गेली. त्या बाईंनी आयुष्यात कधी भाषण केले नाही. त्यांचा फोटो कुठल्याही फ्लेक्सवर नाही. पण तयारी, संयम, आपल्याच पोरांना थांबवण्याचे धैर्य आणि चिकाटी हे महाडचे चारही गुण माझ्या कायद्याच्या पदवीपेक्षा त्यांच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत जास्त होते.

कागदाला एवढे महत्त्व का, असे तरुण विचारतील. थळ-वायशेतला खताचा कारखाना 1980 च्या दशकात उभा राहिला. त्या काळात देशात भूसंपादन मुख्यतः 1894 च्या ब्रिटिशकालीन कायद्याने होत असे. तो कायदा जमिनीत हितसंबंध असणाऱ्याला ओळखत होता. दुसऱ्याच्या शेतावर आयुष्यभर राबणाऱ्या भूमिहीन मजुराला त्यात स्थान नव्हते. 2013 च्या नव्या कायद्याने असे म्हटले की, संपादनापूर्वी तीन वर्षे त्या जमिनीवरच ज्यांचे पोट प्रामुख्याने अवलंबून होते, ते शेतमजूर आणि कुळेही 'बाधित कुटुंब' आहेत. हा बदल आपल्या माणसांच्या भाकरीशी थेट निगडित आहे. किती युवा नेत्यांनी तो वाचला आहे? उद्या या किनाऱ्यावर नवा प्रकल्प आला, तर आपल्या मजुराचे नाव यादीत घालायला घोषणा पुरणार नाही, पुरावा लागेल.

पाचवा गुण आहे जातीचे कुंपण ओलांडण्याचा. याचे उदाहरणही आपल्याच अलिबाग तालुक्यातले आहे. 27 ऑक्टोबर 1933 रोजी चरी येथे नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोत-सावकारांची जमीन न कसण्याचा निर्धार केला. हा संप 1939 पर्यंत चालला. सभाबंदी आली, उपासमार आली. लोकांनी जंगलातला लाकूडफाटा विकून दिवस काढले, पण नांगर धरला नाही. संपकरी कुळांत आगरी बांधव मोठ्या संख्येने होते. डिसेंबर 1934 मध्ये चरीच्या शेतकरी परिषदेला अध्यक्ष म्हणून कोण आले? बाबासाहेब आंबेडकर! आणि ते केवळ भाषण करून गेले नाहीत. 17 सप्टेंबर 1937 रोजी त्यांनी कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. जानेवारी 1938 मध्ये कोकणातल्या हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या कौन्सिल हॉलवर नेला. महाडला त्यांच्यासोबत टिपणीस होते, अनंतराव चित्रे होते. चरीला ते नारायण नागूंसोबत होते. आज ज्यांना बाबासाहेबांना एका जातीच्या चौकटीत बसवायचे आहे, त्यांनी चरीला जाऊन यावे. आणि आपल्यापैकी ज्यांना कोळी, आगरी, भंडारी, आदिवासी शेजाऱ्यांशी बोलायचीही गरज वाटत नाही, त्यांनीही जावे.

आता थोडे कटू बोलतो. आपल्या समाजाने नेता पारखताना चुका केल्या नाहीत का? 3 ऑक्टोबर 1957 रोजी रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला आणि दोन-तीन वर्षांतच फुटू लागला. त्या वादात एक सूर असाही होता की, धोतर नेसणारे, पदवी नसलेले कर्मवीर दादासाहेब गायकवाड पक्षाचे नेतृत्व कसे करणार? सुटाबुटातल्या शिकलेल्यांना ते कमीपणाचे वाटत होते. पण 1930 पासून काळाराम मंदिराचा सत्याग्रह नाशकात वर्षानुवर्षे पेलून धरला तो याच माणसाने. 1959 मध्ये आणि पुन्हा 1964-65 मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला, लाखो माणसे तुरुंगात जायला तयार केली ती याच धोतरवाल्याने. आम्हा वकिलांना, पदवीधरांना हे विसरता येणार नाही. पदवी हे हत्यार आहे, दागिना नव्हे. शिबिरातल्या वहीत इस्त्रीच्या कपड्यांचा मुद्दा वाचून मला दादासाहेब आठवले ते यासाठीच.

आणि शेवटचा गुण, ज्याशिवाय वरचे सगळे व्यर्थ आहेत. नेत्याने आपली भक्ती होऊ देता कामा नये. 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेतल्या अखेरच्या मोठ्या भाषणात बाबासाहेबांनी देशाला बजावले होते की, धर्मात भक्ती मोक्षाचा मार्ग असेलही, पण राजकारणात व्यक्तिपूजा अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. तथागतांनी तर अडीच हजार वर्षांपूर्वी आपला वारस नेमायला नकार दिला. माझ्यानंतर धम्मच तुमचा शास्ता, अशी त्यांची भूमिका होती. या दोघांचे अनुयायी म्हणवणारे आपण एखाद्या साहेबाच्या वाढदिवसाला चौकभर केक कापतो आणि त्याला हिशेब विचारणाऱ्या कार्यकर्त्याला 'फितूर' ठरवतो, तेव्हा आपण नेमके कोणाचे अनुयायी असतो?

तर वहीवाल्या माझ्या तरुण मित्रा, तुझ्यात कमी काही नाही. तू फक्त चुकीच्या गोष्टी मोजतो आहेस. हसू ठेव, कपडेही नीट घाल, त्यात वाईट काही नाही. पण वहीचे पान उलट आणि मागे स्वतःला विचारायचे काही प्रश्न लिही. माझ्या वाडीचा कोणता प्रश्न मी कागदपत्रांसह जाणतो? त्या कामाची पुढची तारीख मला पाठ आहे का? माझी माणसे चुकत असतील, तर त्यांना तोंडावर सांगायची माझी छाती आहे का? शेजारच्या कोळीवाड्यातले, आगरआळीतले चारजण माझ्या शब्दाखातर येतील का? विहाराच्या जमाखर्चाची वही कोणीही मागितली तर मी ती लगेच पुढे करीन का? आणि मी उद्या नसलो, तर हे काम पुढे नेणारी दोन माणसे आज माझ्यासोबत फिरतात का?

या प्रश्नांची उत्तरे जसजशी 'होय' येऊ लागतील, तसतशी वाडी तुझे ऐकू लागेल. त्यासाठी आवाज चढवावा लागणार नाही. सुरुवात मोठ्या प्रश्नापासून करू नकोस. वाडीतल्या ज्या म्हातारीचे निराधार योजनेचे प्रकरण अडले आहे, तिच्यासोबत उद्या तहसील कचेरीत जा, रांगेत उभा राहा, पोच घे आणि पुढच्या तारखेला पुन्हा जा. येताना एका लहान भावाला सोबत ने.

जयभीम!